आईबाबांचा वेळ : कमाई आणि मुलांचा सांभाळ यांच्या वाटणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि आसपासच्या सीमाभागातील मराठी घरांत लहान मूल आले की पैशांइतकाच वेळेचा हिशेबही विस्कटतो. फाउंड्री, यंत्रमाग, विडी, शेती, दुकान, शाळा, दवाखाना किंवा सरकारी कचेरी असे कमाईचे ठिकाण कोणतेही असो, मुलाकडे कोणी आणि केव्हा पाहायचे हा प्रश्न सगळीकडे सारखाच उभा राहतो. त्याविषयी पालक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मुलाचा सांभाळ हे काम आहे, ते तासांत मोजता येते आणि म्हणून वाटूनही घेता येते, या समजुतीवर ही सर्व उत्तरे आधारलेली आहेत.

वाटणी करायची तर नेमके काय मोजायचे?

बहुतेक घरांत पगाराचे तास तेवढे मोजले जातात आणि बाकीचे सारे कोणीतरी करतेच असे गृहीत धरले जाते. त्याऐवजी कमाईचे तास आणि त्यासाठी लागणारा प्रवास एकत्र धरावा. स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी भरणे हे घरकाम वेगळे लिहावे. आणि भरवणे, अंघोळ, झोपवणे, अभ्यास, दवाखाना ही मुलाची प्रत्यक्ष देखभाल आणखी वेगळी लिहावी. यानंतरही दोन गोष्टी उरतात, आणि त्याच सहसा निसटतात. पहिली म्हणजे नुसते लक्ष ठेवण्याचा वेळ. मूल झोपले असले तरी घर सोडून जाता येत नाही, म्हणून तो वेळ मोकळा नसतो. दुसरी म्हणजे आठवण ठेवण्याचे काम. पुढची लस केव्हा, तायी कार्ड (आईच्या आणि बाळाच्या आरोग्याच्या नोंदीचे कार्ड) कुठे ठेवले आहे, शाळेने कोणता दाखला मागितला आहे, पावसाळी चप्पल लहान झाली आहे का, हे सगळे एकाच डोक्यात साठलेले असेल तर ते डोके कामावर असतानाही घरीच असते.

नोंद कशी करावी याचा नमुना सरकारी सर्वेक्षणातच मिळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ वापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा दिवस धरतात आणि अर्ध्याअर्ध्या तासाने काय केले ते विचारतात. आपल्या घरी एक कामाचा आणि एक सुट्टीचा असे दोन दिवस दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर असेच लिहून काढावेत. दिवस पहाटेपासून धरल्यामुळे रात्री बाळासाठी कोण उठले हेही कागदावर येते, आणि माझ्या अनुमानाने बहुतेक घरांतील खरा फरक त्याच रकान्यात सापडेल.

बाकीच्या देशात ही वाटणी कशी आहे?

२०२४ मध्ये झालेल्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ या वयातील ७५ टक्के पुरुष आणि २५ टक्के स्त्रिया दिवसभरात कमाईच्या कामात सहभागी होत्या. घरातील माणसांच्या, म्हणजे मुलांच्या, आजाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या, विनामोबदला देखभालीत याच वयाच्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष सहभागी होते. सहभागी स्त्रियांचा सरासरी वेळ रोज सुमारे १४० मिनिटे होता आणि पुरुषांचा ७४ मिनिटे. सहा वर्षांवरील सर्व वयोगटांत घरकामाला सहभागी स्त्रीने सरासरी २८९ मिनिटे दिली, तर सहभागी पुरुषाने ८८.

हे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. ७४ किंवा ८८ मिनिटे ही सर्व पुरुषांची सरासरी नाही. त्या दिवशी ज्यांनी ते काम केले त्यांचीच ती सरासरी आहे, आणि बहुसंख्य पुरुष त्या गणतीत आलेच नाहीत. सर्वेक्षण २०१९ मध्येही झाले होते. तेव्हा घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ मिनिटे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा घरकामाचा वेळ थोडा कमी झाला, पण पुरुषांचा वाढला नाही. उलट तोही घटला.

पतीचा पगार जास्त आहे. मग पत्नीने काही वर्षे काम सोडणे हिशेबाला धरून नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. सहसा हिशेब असा मांडला जातो की पाळणाघराचे पैसे आणि प्रवासखर्च आईच्या पगारातून वजा केले की हाती फारसे काही उरत नाही, मग तिने जायचे कशाला? या मांडणीत मूळ गफलत आहे. मूल दोघांचे आहे, म्हणून पाळणाघराचा खर्चही दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून वजा झाला पाहिजे. तो केवळ आईच्या पगारावर टाकला की तिचे काम नेहमीच तोट्याचे दिसते, आणि वडिलांचे काम मात्र कुणाच्याही सांभाळाशिवाय आपोआप शक्य होते असा भास निर्माण होतो.

दुसरी गोष्ट काळाची. काम सोडण्याची किंमत त्या महिन्याच्या पगाराएवढी कधीच नसते. भविष्य निर्वाह निधीत भर पडणे थांबते, अनुभवाची सलगता तुटते, आणि पाच वर्षांनी परत येणाऱ्या बाईला बहुधा पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर सुरुवात करावी लागते. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाने दाखवले आहे की श्रीमंत देशांत आज स्त्री-पुरुषांच्या कमाईतील बरीचशी तफावत पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते, कारण वेळीअवेळी हजर राहण्याची मागणी करणाऱ्या नोकऱ्यांना पगार जास्त असतो आणि मूल झाल्यावर त्या नोकऱ्या दोघांपैकी एकालाच करता येतात. तो अभ्यास परक्या देशांतला असला तरी, मालकाचा फोन आला की रात्री उठून जाणारा आणि म्हणूनच बढती मिळणारा माणूस आपल्याकडेही ओळखीचा आहे. त्याच्या त्या तयारीमागे घरी थांबलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी वेळ असतो.

हे सर्व मांडूनही एखादे जोडपे विचारपूर्वक ठरवू शकते की दोन वर्षे एकाने घरी थांबावे. तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र घरी थांबणाऱ्याच्या नावाने दरमहा काही रक्कम वेगळी साठवावी, परत कामावर जाण्याचा महिना ठरवून ठेवावा, आणि घरी कोण थांबणार हे विचारताना दोन्ही नावे खरोखर समोर असावीत.

पहिले बाळंतपण माहेरी होते. वडिलांचा वाटा सुरू तरी कसा व्हायचा?

माहेरी मिळणारी विश्रांती, शेक, डिंकाचे लाडू आणि आईच्या हातची देखभाल यांचे मोल मोठे आहे आणि ती प्रथा मोडा असे येथे कोणी सुचवत नाही. पण तिचा एक परिणाम डोळ्यांआड राहतो. बाळाचे पहिले तीन-चार महिने आई रोज काहीतरी शिकत असते. कोणते रडणे भुकेचे, कोणते पोटदुखीचे, कसे धरले की झोप लागते, हे तिला त्या काळात उमगते. वडील मात्र रविवारी भेटायला येणारे पाहुणे असतात. आई बाळाला घेऊन सासरी परतते तेव्हा दोघांमधील हे अंतर इतके वाढलेले असते की बाळ वडिलांच्या हातात रडले की ते चटकन परत दिले जाते. तेथून पुढची वाटणी कुणीही न ठरवता ठरून जाते आणि मग ती बदलणे फार अवघड होते.

माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा बेळगाव तालुक्यातच असेल तर वडिलांनी आठवड्यातील एक रात्र तेथे मुक्कामाला राहावे आणि त्या रात्री बाळाचे लंगोट बदलण्याचे व ढेकर काढण्याचे काम स्वतःकडे घ्यावे. सासूबाईंना आरंभी अवघडल्यासारखे होईल. आईनेच ते आपल्या आईला समजावून सांगावे. माहेर दूर असेल तर रजेचे दिवस जन्माच्या आठवड्यात सगळे खर्च न करता निम्मे तरी घरी परतण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावेत. जन्माच्या वेळी आजूबाजूला हात पुष्कळ असतात. परतल्यावर नसतात.

कायद्याने आईला किती रजा मिळते आणि वडिलांना किती?

मूळ मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवडे झाली, त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन हयात अपत्ये असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे मिळतात. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांना व आस्थापनांना हे लागू आहे आणि आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मातृत्व लाभाच्या तरतुदी समाविष्ट झाल्या आहेत. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेली कामगार स्त्री हा लाभ मालकाकडून न घेता त्या योजनेतून घेते, म्हणून आपल्या पगारातून विम्याची कपात होते का हे गरोदरपणाच्या आधीच पाहून ठेवावे.

वडिलांसाठी खासगी क्षेत्राला लागू असा सर्वसाधारण कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर, १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. बालसंगोपन रजेची तरतूद केंद्राच्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण सेवेत ७३० दिवसांची आहे आणि २०१८ पासून ती एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषालाही मिळते; कर्नाटक सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी ही रजा १८० दिवसांची आहे. कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्या वडिलांना मात्र साठलेली हक्काची रजाच वापरावी लागते, म्हणून ती गणपती आणि लग्नसराईत संपवण्याआधी बाळाच्या तारखेचा विचार करावा.

खासगी क्षेत्रात आईला २६ आठवडे आणि वडिलांना काहीच नाही, या रचनेचा अर्थ कायद्यानेच सांभाळ एकाच बाजूला ढकलला आहे असा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आईवडील दोघांसाठी खुली केली. आज तेथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. वडिलांनी ते घेतले नाहीत तर आईकडे जात नाहीत, वाया जातात. राखीव दिवसांमुळेच तेथील वडील रजा घेऊ लागले. केवळ मुभा दिल्याने फार थोड्यांनी घेतली होती.

आमच्या कारखान्यात पाळणाघर असायला हवे का?

५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले. पूर्वीच्या कारखाना कायद्यात ३० हून अधिक स्त्री कामगार ही अट होती. नव्या तरतुदीत पुरुष आणि स्त्रिया मिळून गणती होते, हा बदल महत्त्वाचा आहे, कारण आता बहुसंख्य पुरुष असलेल्या कारखान्यालाही "आमच्याकडे बायका थोड्याच आहेत" असे म्हणता येत नाही. तथापि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील अनेक वर्कशॉप आणि खडेबाजार किंवा गणपत गल्लीतील बहुतेक दुकाने ५० च्या आकड्यापासून फार दूर आहेत. अशा ठिकाणी शेजारच्या चार-पाच आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. ती मागणी एकट्या आईने न करता वडिलांनीही आपापल्या कारखान्यात केली तर तिला वजन येते.

आम्ही दोघेही पाळीवर काम करतो. आलटूनपालटून मूल सांभाळणे योग्य आहे का?

वडील फाउंड्रीत पहिल्या पाळीला आणि आई दवाखान्यात दुसऱ्या पाळीला, अशी घरे बेळगावात पुष्कळ आहेत. मूल सतत एका पालकाजवळ राहते आणि वडिलांना सारे काही स्वतः करावे लागत असल्याने ते लवकर तरबेज होतात, हा या व्यवस्थेचा मोठा फायदा. तिची किंमत झोपेतून आणि एकमेकांच्या सहवासातून वसूल होते. रात्रपाळी करून आलेला माणूस घरी असतो म्हणून तो मुलासाठी उपलब्ध आहे असे धरले गेले तर तो झोपेविना यंत्रापाशी उभा राहतो, आणि वितळलेल्या लोखंडाजवळ पेंगणे किती धोक्याचे आहे हे फाउंड्रीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून रात्रपाळीनंतरचे किमान सहा तास हे कामाचेच तास समजावेत आणि त्या वेळेत मूल दुसऱ्या कुणाकडे असावे. पाळ्या बदलतात तो दिवस सर्वांत अडचणीचा असतो. त्या एका दिवसापुरती शेजारची किंवा नात्यातली व्यक्ती आधीच ठरवलेली असावी. आठवड्यातील एक जेवण तरी तिघांनी एकत्र करता यावे इतकी सवड पाळ्या लावताना मागून घ्यावी.

मी घरीच विड्या वळते. तरी मुलाकडे पाहायला वेगळी व्यवस्था कशाला, असे घरचे म्हणतात.

निपाणी परिसरातील हजारो घरांत हे वाक्य रोज बोलले जाते आणि बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या स्त्रियांनाही तेच ऐकावे लागते. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. सूप मांडीवर घेऊन बसलेली आई दर पाच मिनिटांनी उठली तर दिवसाच्या विड्या कमी भरतात, घाईत वळलेल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी जाते. म्हणजे मुलाच्या सांभाळाचा खर्च येथेही होतोच, फक्त तो आईच्या मजुरीतून परस्पर कापला जातो आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. दोन कामे एकाच वेळी करावी लागतात तेव्हा दोन्ही कामांचा तास भरतो, पण मोबदला अर्धाच मिळतो.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे आणि तो मी अधिक गंभीर मानतो. तंबाखूची भुकटी हवेत उडते, हातांना चिकटते आणि हातांतून बाळाच्या तोंडात जाते. रांगणारे मूल जमिनीवर पडलेली तंबाखू उचलून खाऊ शकते, आणि लहान मुलाला थोडीशी तंबाखूही विषारी ठरते. त्यामुळे विड्या वळण्याची जागा आणि बाळाची जागा वेगळी असणे, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुणे आणि वरचा कपडा बदलणे आवश्यक आहे. हे पाळायचे तर वळण्याच्या वेळेत बाळ दुसऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे, याला पर्याय नाही. सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास पती, दीर किंवा सासरे यांच्यापैकी कोणाकडे बाळ राहील हे नावानिशी ठरवावे. असे दोन-दोन तास सलग मिळाले की तेवढ्याच वेळात तुटकपणे केलेल्या कामापेक्षा जास्त काम भरेल. सलग तास मिळाल्यावर विड्यांची संख्या आठवडाभर लिहून ठेवली तर घरच्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मोठ्या मुलीकडे लहान भावंड सोपवले तर चालेल का?

नाही. घटकाभर खेळवणे निराळे. पण आईबाप कामावर जावेत म्हणून मुलीने शाळा बुडवणे किंवा अभ्यासाची वेळ सोडणे ही आईवडिलांमधील वाटणी न होता तिच्यावर लादलेले ओझे होते. घरातील नोंदीच्या कागदावर तिचेही तास लिहावेत. असे तास मोठ्या मुलाच्या नावावर क्वचितच निघतात, ही गोष्टही त्याच वेळी पाहावी.

आजी-आजोबा आहेत. मग चिंता कसली?

आजी-आजोबा हा आपल्याकडचा सर्वांत मोठा आधार आहे, आणि सीमाभागात त्याला आणखी एक बाजू आहे. शाळेत, बाजारात आणि कचेरीत मुलाच्या कानावर कानडी पडणार आहे आणि ती त्याने चांगली शिकलीच पाहिजे. पण घरची मराठी, तिच्या म्हणी, ओव्या आणि गोष्टी हे सारे त्याला दिवसभर आजीजवळ बसूनच मिळते. तो वेळ मौल्यवान आहे. तथापि तो आजीचा वेळ आहे. साठी ओलांडलेल्या बाईला दोन वर्षांच्या मुलामागे आठ तास धावता येते का, तिचे गुडघे, तिचे भजनी मंडळ, तिची दुपारची झोप यांचे काय, हे तिला कोणीतरी विचारले पाहिजे. सहसा सुनेला नोकरीवर जाऊ देण्याच्या बदल्यात हे काम आजीवर येते आणि आजोबा कट्ट्यावर असतात. अशाने भार एका बाईवरून दुसऱ्या बाईवर सरकतो आणि पुरुषांचा कागद कोराच राहतो. आजीकडे ठरावीक तास द्यावेत, तिला आठवड्यातून दीड-दोन दिवस पूर्ण सुटी असावी आणि त्या दिवसांची जबाबदारी वडिलांच्या सुट्टीशी जुळवावी. आजोबांनाही शाळेतून आणण्यासारखे एक पूर्ण काम द्यावे.

पती गोव्यात, पुण्यात किंवा सैन्यात आहेत. दुरून काय वाटून घेता येईल?

खानापूर तालुक्यातून कामासाठी गोव्याला जाणारे आणि सीमाभागातील गावागावांतून सैन्यात असलेले वडील यांच्या घरी हा प्रश्न असतो. हातांचे काम दुरून होत नाही, पण डोक्याचे काम होते. लसीच्या तारखा, शाळेची फी, आधार आणि जातीच्या दाखल्यांचे अर्ज, डॉक्टरांची वेळ घेणे, शिक्षकांशी बोलणे ही कामे संपूर्णपणे वडिलांनी घ्यावीत. घरून आठवण करून द्यावी लागली तर ते काम वाटले गेले नाही असेच समजावे. रजेवर आल्यावर पहिले दोन दिवस सत्काराचे झाले तरी चालतील. त्यानंतर सकाळचे सगळे आवरणे त्यांच्याकडे असावे. मुलाला आधी संकोच वाटेल, तो दोन-तीन सकाळींत ओसरतो.

आम्ही राहतो बेळगावात आणि मी कामाला हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला जाते. दोन राज्यांचे वेळापत्रक कसे जुळवायचे?

मातृत्व लाभाचा कायदा केंद्राचा आहे, म्हणून कारखाना चंदगड तालुक्यात असला तरी हक्क तेच राहतात. राज्याच्या योजना मात्र राज्याच्या हद्दीत राहतात. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या शक्ती योजनेत कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. त्यामुळे आईचा प्रवासखर्च वाचला खरा, पण मुलाला सोडण्याची सगळी कामे "तुला बस फुकट आहे" म्हणून तिच्याकडे जात असतील तर ते थांबवले पाहिजे, कारण बसमध्ये तिचा वेळ जातोच.

खरी अडचण सुट्ट्यांची आहे. कर्नाटकातील शाळांना मोठी मधली सुट्टी दसऱ्याला असते, तर महाराष्ट्रात ती दिवाळीला असते. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस उघडतात आणि महाराष्ट्रातील जूनच्या मध्याला. त्यामुळे बेळगावातील मूल दसऱ्याला घरी असते तेव्हा महाराष्ट्रातील कारखान्यात मोठी सुट्टी नसते, आणि कोल्हापूरची आत्या किंवा मावशी मदतीला येऊ शकते ती दिवाळीत, जेव्हा इकडची शाळा पुन्हा सुरू झालेली असते. वर्षाच्या आरंभी दोन्ही राज्यांचे सुट्ट्यांचे तक्ते समोर ठेवून दसऱ्याचे दिवस दोघांच्या रजेत अर्धेअर्धे वाटून घ्यावेत. शनिवारची सकाळची शाळाही या हिशेबात धरावी, कारण त्या दिवशी मूल दुपारीच घरी येते.

शेतीच्या हंगामात काय करावे?

भाताची रोप लावणी, रताळ्याची वेल लावणे आणि सुगी यांचे दिवस पुढे ढकलता येत नाहीत आणि लावणीला स्त्रियांचेच हात अधिक लागतात. आपल्या गावांत पैऱ्याची रीत आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मुलांच्या सांभाळाचाही तसाच पैरा करता येतो. पाच घरांची मुले रोज एका घरी, आणि त्या दिवशी त्या घरातील एक माणूस शेतात न जाता मुलांपाशी थांबतो. ही पाळी पुरुषांनीही घ्यावी, एवढाच त्यात नवा भाग आहे. विहीर, कूपनलिकेचा खड्डा आणि औषधांचे डबे यांपासून ते घर दूर असावे.

सरकारी सोयींपैकी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. त्याहून लहान मुलांसाठी कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत सुमारे ४,००० "कूसिन मने" म्हणजे शिशुगृहे सुरू करण्याची योजना जाहीर केली, ती मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या मातांसाठी होती. केंद्राच्या पाळणा योजनेतही सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरे आहेत. आपल्या पंचायतीत यांपैकी काय चालू आहे हे अंगणवाडी कार्यकर्तीला विचारावे आणि नसेल तर ग्रामसभेत लेखी मागणी करावी. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याची तरतूद होती. मागणाऱ्यांनाच ती मिळत असे.

बाळ अंगावर पीत असताना वडील काय करू शकणार?

पाजणे सोडून सर्व काही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या काळात आईचे कित्येक तास पाजण्यातच जातात. म्हणून बाकीची वाटणी सारखी न ठेवता वडिलांकडे झुकती असावी. आई कामावर गेल्यावर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. ते स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साधारण तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवलेले दूध त्याहून लवकर वापरावे.

मूल अचानक आजारी पडले की नेहमी आईच रजा घेते. हे कसे बदलेल?

त्या सकाळी चर्चा करून ते कधीच बदलणार नाही, कारण ताप आलेल्या मुलासमोर जो आधी विरघळतो तोच थांबतो. आजारपणाच्या रजा आधीच आळीपाळीने ठरवाव्यात. मागच्या वेळी आई थांबली असेल तर या वेळी वडील थांबतील, मग त्या दिवशी कुणाचे काम महत्त्वाचे आहे हा वाद घालायचा नाही. शाळेत आणि पाळणाघरात पहिला संपर्क म्हणून वडिलांचा फोन नंबर द्यावा. हा बदल दिसायला छोटा असला तरी त्यामुळे दुपारचा फोन कोणाच्या कामात येतो ते बदलते.

ठरवलेली वाटणी टिकत का नाही?

बहुधा कामे तुकड्यातुकड्यांनी वाटली जातात म्हणून. वडील भाजी आणतात पण काय आणायचे ते आईने सांगायचे, वडील दवाखान्यात नेतात पण पिशवी आईने भरायची, असे झाले की हात बदलतात आणि जबाबदारी तेथेच राहते. म्हणून काम आठवणीपासून शेवटापर्यंत एकाकडे पूर्ण द्यावे. ज्याच्याकडे सकाळची शाळा आहे, त्यानेच आदल्या रात्री गणवेश पाहायचा, डब्याचे ठरवायचे आणि वेळेवर सोडायचे. दुसऱ्याने त्यात सूचना करू नयेत. वेणी वाकडी झाली, डब्यात सलग तीन दिवस पोहे गेले, तरी ते सोसावे. येथे आईलाही आपला शब्द आवरावा लागतो आणि तो आवरणे पुष्कळ जणींना काम करण्यापेक्षा जड जाते.

याखेरीज वाटणीला मुदत असते हे विसरले जाते. आई कामावर परतते तेव्हा, मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत जाते तेव्हा, सहाव्या वर्षी पहिलीत जाते तेव्हा आणि दोघांपैकी कुणाचीही पाळी, बदली किंवा हंगाम बदलतो तेव्हा जुना कागद काढून दोन दिवसांची नोंद नव्याने करावी. जुन्या वेळापत्रकात एकाचे ओझे नकळत वाढलेले असते आणि ते बोलून दाखवण्यापेक्षा कागदावर दाखवणे दोघांनाही सोपे जाते.

मी एकटीच मूल वाढवते. माझ्यासाठी यात काय आहे?

जोडीदार नसला तरी वाटणी लागतेच. ती भाऊ, बहीण, शेजारी आणि मैत्रिणी यांच्यात करावी लागते. त्यांना "अधूनमधून लक्ष दे" असे मोघम सांगू नये. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात, असा ठरावीक वेळ मागावा, कारण ठरावीक मागणीला माणसे सहज हो म्हणतात आणि पाळतातही. तातडीच्या वेळी मुलाला कोण घेऊन जाऊ शकते त्या दोन व्यक्तींची नावे शाळेला लेखी कळवून ठेवावीत. तायी कार्ड, आधार आणि दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत ठेवून ती पिशवी कुठे आहे हे त्या दोघांनाही सांगून ठेवावे.